मामंजींचा एक नामंजूर अर्ज

मामंजी, हे पत्र मी बोलते आहे आणि तुमची पणती ते लिहून घेते आहे. मामंजी म्हणजे कोण, हे आधी तिला सांगावं लागलं. सासऱ्यांना आमच्यात मामंजी म्हणत, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ससुरजी. मग सीधं तसंच म्हण ना." तिचं मराठी असं आहे. समजतं सगळं, पण बोलायला निघाली की अर्ध्या वाटेत उतरते आणि हिंदीच्या ऑटोत बसते. तुम्ही ऐकलं असतं तर चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत बसला असता. रागावला नसता. तुम्हाला रागावताना मी दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा टाइपरायटरवर.

झालं असं की परवा ही माझ्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती. कुठल्याशा लांबच्या कंपनीचं काम ती घरूनच करते. सोमवारी मला मोतीबिंदू दाखवायला न्यायचं, म्हणून सुट्टीचा अर्ज लिहीत होती. मी भेंडी पुसत होते. म्हटलं, वाचून दाखव. ती म्हणाली, "आजी, इंग्लिश आहे." मी म्हटलं, म्हणूनच वाच. तिने वाचलं. श्वास घेण्याच्या आत संपलं. टेकिंग लीव्ह ऑन मंडे, थँक्स. मी म्हटलं, "यात माणूस कुठे आहे? आला नाही, बसला नाही, दारातून हात हलवून गेला." ती हसली, "मग काय लिहू, तूच सांग." आणि माझ्या तोंडून, भेंडी पुसता पुसता, आपोआप निघालं, "आय बेग टु स्टेट दॅट." पोरगी इतकी हसली की लॅपटॉप मांडीवरून घसरला. "आजी, ये तो अंग्रेज़ों के ज़माने का है. आता असं लिहिलं तर साहेब विचारेल, तबियत ठीक आहे ना." मग हसणं थांबवून तिने विचारलं, "पण तुला हे शिकवलं कोणी?" मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी. तेव्हा तिचा चेहरा बदलला. "ज्यांनी तुला अ आ सुद्धा शिकू दिलं नाही, त्यांनी?"

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मामंजी, तुमच्यावर पन्नास वर्षं एक आळ आहे. तो मी घातला. तो काढायचा म्हणून मी हिला लिहायला बसवलं आहे, आणि तो काढल्यावर लिहिणारी माझ्याकडे कोणत्या नजरेने बघेल याची मला धाकधूक आहे. पण आता सुरू केलंच आहे.

मी बुंदेलखंडातल्या गरौठ्याहून तुमच्या घरी आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माझे वडील तिथे देवळात पुजारी. मुलांना शाळेत घालायची पद्धत आमच्याकडे होती, पण मुलगा म्हणजेच मूल असा सगळ्यांचा समज होता, त्यामुळे माझ्यापर्यंत शाळा पोचली नाही. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली, आणि कागदावर काय असतं ते भावांना माहीत. तुमचं झाशीच्या सीपरी बाजारातलं घर दोन खोल्यांचं, दुकानांच्या मागच्या गल्लीत, पण त्या घरात कागदांना माणसांपेक्षा जास्त जागा होती. तुम्ही रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाला होता, तरी कचेरी तुमच्यातून गेली नव्हती. सकाळपासून माणसं यायची. गार्ड, फायरमन, मास्तर, कोणाला बदली हवी, कोणाला क्वार्टर, कोणाची रजा अडली. "बाबूजी, हमाई अरजी में ऐसो लिख दो के साब को जी पसीज जाए." साहेबाला पाझर फोडू, अशी तुम्ही मान हलवायचा आणि दुपारभर टाइपरायटरची खटखट चालायची. 

आणि मग संध्याकाळचा चहा. तो चहा मला अजून दिसतो. मी चुलीपाशी बसलेली आहे, तुम्ही उंबऱ्याच्या पलीकडे पाट टाकून बसला आहात, बशी बाजूला, कागद डोळ्यांजवळ. "सूनबाई, ऐक." आणि तुम्ही मला सबंध अर्ज इंग्रजीतून वाचून दाखवता. पहिल्यांदा मला वाटलं म्हातारपणी डोकं जरा हललं असावं. पदर पुढे ओढून मी म्हटलं, "मामंजी, मला यातलं ओ की ठो कळत नाही." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तुला वाचून दाखवतो. मला त्यातला अर्थ दिसतो, त्यामुळे सूर ऐकू येत नाही. तुला अर्थ नाही. तू फक्त सांग, हा माणूस कसा उभा आहे." 

मामंजी, सासरच्या घरात सुनेला कोणी काय विचारतं? आमटीत मीठ कमी का, आणि पाणी आलं का. तुम्ही मला विचारलंत की अर्जातला माणूस कसा उभा आहे. मी कान देऊन ऐकू लागले. थोड्याच दिवसांत मला ऐकू यायला लागलं. कुठे माणूस अडखळतो, कुठे साहेबाच्या अंगावर जातो, कुठे पाया पडता पडता पुढे आडवाच होतो. मी सांगायची आणि तुम्ही पेन्सिलीने खूण करायचा. सासूबाई आतून म्हणायच्या, "झाला का तुमचा दरबार? भाकऱ्या करपतात." खरंच करपायच्या. करपलेली तुम्ही मुकाट्याने स्वतःच्या पानात ओढून घ्यायचा.

प्रत्येक अर्जात ते तीन शब्द यायचेच. आय बेग टु. एकदा मी विचारलं, हे काय आहे, हा माणूस दर ओळीला तेच म्हणतो. तुम्ही म्हणालात, शब्दाला शब्द लावला तर 'मी याचना करतो.' मला ते आवडलं नाही. म्हटलं, रजा त्याच्या हक्काची, मग भीक कशाला मागायची? तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि मला समजावून सांगितलंत, जसं एखाद्या साहेबाला सांगावं. जुन्या काळी साहेब साहेबाला पत्र लिही, तेव्हाही असंच लिही. आपलं पत्र पोचलं, हे कळवण्याची मी याचना करतो. ज्याच्या दारात घोडा, पंखा ओढायला माणूस, तोही. कोणी काही मागत नसे. जसं आपल्या पत्रात पहिल्याच ओळीत साष्टांग नमस्कार असतो, लिहिणारा काही जमिनीवर पडून लिहीत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला बाहेर काढतात, तेवढंच ते. मग म्हणालात, "आणि भांडायचं असलं तरी तेच. आय बेग टु डिफर. तुमचं म्हणणं मला पटत नाही, असं म्हणायची परवानगी द्या." मी म्हटलं, "म्हणजे भांडायचं पण चपला काढून." तुम्ही इतके हसलात की सासूबाई बाहेर बघायला आल्या.

त्यानंतर ते आपल्या घरचंच झालं. आमटी खारट झाली की तुम्ही पहिला घास गिळून म्हणायचा, "सूनबाई, आय बेग टु डिफर." तुमच्याकडून मी खाल्लेली बोलणी ती एवढीच. मुलांचे वडील ताट सरकवायचे, तुम्ही याचना करायचा. 

एक गँगमन आठवतो, गरौठ्याकडचाच. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि रजा दोनदा नाकारली होती. तुम्ही लिहिलं आणि संध्याकाळी वाचलंत. मी म्हटलं, हा माणूस आल्या आल्या तीनदा वाकतो. साहेब म्हणेल, याची कंबर दुखते, याला दवाखान्यात पाठवा. तुम्ही कागद परत पाहिलात. मोस्ट हंबली काढलंत, रिस्पेक्टफुली काढलंत, बेग ठेवलंत. परत वाचलंत. आता माणूस दारात नीट उभा होता, चपला काढून, मान वर करून. रजा मिळाली. लग्न करून तो आला तो टोपलीभर बोरं घेऊन. तुम्ही त्याला सांगितलंत, बोरं आत दे, अर्ज आतून पास झाला होता. तो दाराशी येऊन म्हणाला, "बहूजी, जे बेर धर लो, गरौठा के आंय." माहेरची बोरं मामंजी, आणि माझ्या कानाची. मला बिया सुद्धा टाकवत नव्हत्या, दोन दिवस वाटीत ठेवल्या होत्या.

आता अवघड भाग येतो. पणतीने पाणी पिऊन घेतलं आहे.

मुलं दोन्ही शाळेत जाऊ लागली आणि माझी दुपार रिकामी झाली. त्या सुमारास गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यात महाराष्ट्रातून इंजिनिअर लोक आले. त्यातल्या एकाची बायको, पुण्याकडची, फार तरतरीत. आमचं मराठी ऐकून तिला हसू यायचं, तिचं ऐकून आम्हाला वाटायचं ही धडा वाचते आहे. तिने शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात बायकांसाठी अक्षरांचा वर्ग काढला. एके संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखा पाट टाकलात आणि एक कागद वाचलात. अर्ज लांब होता. मधेच एकदा माझ्या कानाला 'सूनबाई' असं वाटलं, पण इंग्रजीत सूनबाई कुठून येणार, म्हणून मी सोडून दिलं. संपल्यावर तुम्ही विचारलंत, "कसा उभा आहे?" मी म्हटलं, "फार वाकलाय. कोणाचा आहे?"

"माझा."

"आणि साहेब कोण?"

"तू," असं म्हणून तुम्ही वर्तमानपत्राच्या घडीतून एक पाटी काढलीत. नवी कोरी, लाकडी चौकटीची, कोपऱ्याला भोक पाडून त्यात चिंधी बांधलेली. सून शिकावी म्हणून सासऱ्याने सुनेला इंग्रजीत अर्ज केला होता. असं घर सबंध झाशीत दुसरं नसेल. मी पाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हटलं, "नामंजूर."

तुम्ही विचारलंत, "कारण?"

"साहेब कारण देतात का कधी?"

तुम्ही हसलात. तुमचाच नियम होता, अर्ज फिरला की त्याच साहेबाकडे लगेच दुसरा घेऊन जायचं नाही, थोडे दिवस जाऊ द्यायचे. तो कागद तुम्ही घडी करून पाटीवर ठेवलात आणि चहा प्यायलात. मी विषय चेष्टेवर नेला, पण कारण मला माहीत होतं. अर्थ कळत नव्हता म्हणून तर तुम्ही मला वाचून दाखवत होता. उद्या मला अक्षरं आली, परवा इंग्रजी कळलं, की माझे कान तुमच्यासारखेच होणार. मग तुम्ही दुसरा कोणी अडाणी शोधणार, किंवा नुसताच चहा पिऊन उठणार. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एक वेळ होती. ती मी पाटीवर घालवायला तयार नव्हते.

शुक्रवारी मी लक्ष्मी तालाच्या काठावरच्या देवळात गेले तर पायऱ्यांवर ती पुण्याची बाई भेटली. "तुम्ही का येत नाही वर्गाला? सगळ्या येतात." काय सांगणार? मला सासऱ्यांकडून इंग्रजी ऐकायला आवडतं म्हणून मी निरक्षर राहते? माझ्या तोंडून निघालं, "आमचे मामंजी नको म्हणतात." इतकं सोपं होतं ते. कोणालाही लगेच पटलं. सासरा नको म्हणतो, यात कोणी पुढे काही विचारत नाही.

ती मात्र विचारायला आली. रविवारची सकाळ होती. तुम्ही टाइपरायटरची फीत बदलत होता, बोटं काळी झाली होती. ती उभ्या उभ्याच बोलली, "तुम्ही जगाचे अर्ज लिहिता आणि तुमच्या घरची सून अंगठा लावते. सुनेला वर्गाला जायला तुम्ही मनाई करता, हे तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही." मी दाराआड होते. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मी खाली बघितलं. मग तुम्ही उठलात, काळे हात अंगाला लागू नयेत म्हणून थोडे लांब धरलेत, आणि म्हणालात, "आपलं म्हणणं बरोबर आहे बाई. पण आमच्या घरातली पद्धत तशी आहे. क्षमा करा."

आयुष्यभर लोकांना नीट उभं करायचं काम केलंत तुम्ही. त्या दिवशी तुमच्या पाठीला आलेला बाक मी स्वतः पाहिला, आणि दाराआडून बाहेर आले नाही.

गोष्ट पसरली. मराठी लोक इथे किती, मूठभर. गणपतीत मुलांना बक्षिसं दरवर्षी तुमच्या हातून द्यायचे. त्या वर्षी दुसऱ्या कोणाला बोलावलं. तुम्ही मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. घरी आल्यावर मला काही तरी बोलाल म्हणून मी दिवसभर भांडी घासत बसले, घासलेलीच परत घासली. संध्याकाळी तुम्ही पाट टाकलात. कागद काढायच्या आधी नुसतं म्हणालात, "सूनबाई, आय बेग टु डिफर." आणि वाचायला सुरुवात केलीत. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही होता. पाटीचं नाव परत काढलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर तरी मी खरं सांगायला हवं होतं. पण तोवर ते खोटं मला इतकं अंगभर बसलं होतं, की मुलांनी विचारलं तेव्हा तेच सांगितलं, सुना आल्या त्यांना सांगितलं, नातीला सांगितलं. ही सातवीत असताना शाळेत भाषणाला उभी राहिली. विषय, माझी आजी. "मेरी आजी को पढ़ने नहीं दिया गया." पहिला नंबर आला, स्टीलचा डबा मिळाला. मी पहिल्या रांगेत बसले होते, बायका माझा हात हातात घेत होत्या, एक तर रडली. डबा छान आहे, अजून साखरेला वापरतो. त्या वर्षापासून तुमच्या श्राद्धाला ही तुमच्या फोटोला नमस्कार करीत नाही. मी एकदाही तिला म्हटलं नाही की कर.

इथवर सांगितलं तर टाइप करायचं थांबलं. मी विचारलं, लिहिलंस का? ती म्हणाली, "आजी, डबा परत करावा लागेल का?" मी म्हटलं, साखर काढून घे आधी. मग तिने विचारलं, "तो अर्ज कुठे आहे?" 

पाटी पन्नास वर्षं तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून आहे. सासऱ्यांनी दिलेली वस्तू मी वापरली नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. कागद मात्र ट्रंकेत, शालूच्या घडीत होता. कोणाला वाचायला दिला नव्हता, कसा देणार? हिने ट्रंक उघडली, कागद उलगडला, आणि मी तिला म्हटलं, आधी अर्थ सांगू नकोस, नुसतं वाच. माझा कान अजून जागेवर आहे. तिने वाचलं, तुमच्याइतकं चांगलं नाही, पण वाचलं. मग ती शेवटच्या ओळीवर परत गेली आणि हळू म्हणाली, "आजी, हे तुला माहीत आहे?" 

मला कसं माहीत असणार? तुम्ही वाचलंत तेव्हा मला कळलं नव्हतं, आणि अर्थ सांगायला मी तुम्हाला वेळच दिला नव्हता. तिने मराठीतून सांगितलं, अडखळत, हिंदीचे दोन शब्द उसने घेत. आय बेग टु अश्युअर यू. मी आपणास खात्री देण्याची परवानगी मागतो, की आपणास अक्षरे आल्यानंतरही संध्याकाळचे वाचन पूर्वीप्रमाणेच चालू राहील.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. कारण मी दिलं नव्हतं, तरी तुम्ही ते आधीच लिहून आणलं होतं.

पणती आता सगळं पत्र मला परत वाचून दाखवते आहे, कारण आपल्या घरात न ऐकलेला कागद बाहेर जात नाही. हा जाणार कुठे, तेही तिने विचारलं. "पता क्या लिखूँ?" मी म्हटलं, पत्ता नको, छापून आण आणि त्या अर्जाला जोडून ट्रंकेत ठेव. सही म्हणून खाली अंगठा लावीन. पाटी घेऊन माझ्यासमोर बसायचा तिचा विचार दिसतो. तिला सांगितलंय, आधी मोतीबिंदू, मग बघू. मघाशी ती उठून तुमच्या फोटोसमोर उभी राहिली होती. काय केलं ते मी विचारलं नाही, माझी पाठ होती तिकडे.

एक राहिलं. तुम्ही विचारलंत, कसा उभा आहे, आणि मी म्हटलं, फार वाकलाय. मामंजी, आय बेग टु स्टेट, की तो वाकला नव्हता. तुम्ही वाचून दाखवलेल्या इतक्या अर्जांत इतका नीट उभा मला एकही ऐकू आला नव्हता. त्यातलं 'सूनबाई' ऐकून मी बिचकले, आणि खोटं सांगितलं.